वाड्यातल्या भुतांबद्दल पाहुणे नेहमी विचारतात ते प्रश्न

खोली आहे का, गरम पाणी आहे का, गाडी कुठे लावायची, हे तीन प्रश्न झाले की चौथा हमखास हाच येतो आणि बरेच जण तो आवाज खाली आणून विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. आमचं गेस्ट हाऊस म्हणजे ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातला, महाराज बाड्यापासून पायी जाता येईल असा सासरच्यांचा जुना वाडा, दीडशे वर्षांच्या वरचा. मी मूळची इंदूरची, इथे सून म्हणून आले, त्यामुळे यातल्या बहुतेक गोष्टी मला आजेसासूबाईंनी सांगितलेल्या आहेत, आणि जिथे त्यांचं म्हणणं आणि माझं मत वेगळं पडतं तिथे मी तसं स्पष्ट लिहिलंय.

सरळ सांगा, वाड्यात भूत आहे की नाही?

मी पाहिलेलं नाही. माझी मुलं इथेच लहानाची मोठी झाली, रात्री-अपरात्री एकटी अंगणात गेली, कुणाला कधी काही इजा झालेली नाही. पण वाड्याला गोष्टी आहेत, आणि त्या गोष्टींमधली माणसं खरी होती, याच घरात जन्मलेली किंवा लग्न होऊन आलेली आणि इथेच गेलेली. त्यामुळे कुणी 'सगळं थोतांड आहे हो' म्हणून हसून सोडून दिलं तर मला ते आवडत नाही, आणि कुणी 'हॉन्टेड' म्हणून मिटक्या मारत ऐकलं तर त्याहून आवडत नाही. खालचं सगळं वाचलंत तर माझं म्हणणं कळेल.

मागच्या पिंपळावर मुंजा आहे म्हणतात, तो कोण?

मुंजा म्हणजे ज्याची मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो गेला तो मुलगा. तो पिंपळावर राहतो अशी समजूत आपल्याकडे सगळीकडेच आहे, पुण्यात, नाशकात, तशीच शिंद्यांबरोबर इकडे आलेल्या मंडळींनी ती इथे आणली. आमच्या परसातल्या पिंपळाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, शनिवारी तिथे तेलाचा दिवा लागतो, अजूनही लागतो, मीच लावते.

आजेसासूबाई सांगायच्या की हा मुलगा १९१८ च्या तापाच्या साथीत गेला, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या. त्या साथीत एकट्या हिंदुस्तानात सव्वा कोटीच्या आसपास तरी माणसं गेली असं धरतात, काही जणांचा अंदाज त्याहून खूप जास्त आहे, घरंच्या घरं रिकामी झाली. तेव्हा एका घरातलं एक पोर गेलं याची नोंद कोण ठेवणार? आमच्या घराने ती या दगडात ठेवली असं मला वाटतं. मुंजा त्रास देत नाही, आजेसासूबाईंच्या भाषेत तो 'राखणदार' आहे, पोरं पिंपळाखाली खेळताना पडली तरी फार लागत नाही असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्या बोलण्यात भीती नसायची, माया असायची.

आता आवाजाचं. रात्री पाऊस पडतोय असं वाटून तुम्ही खिडकी उघडता आणि बाहेर सगळं कोरडं असतं, तो पिंपळच. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि चपटा असतो, त्यामुळे बाकीची झाडं अगदी स्तब्ध असताना जराशा झुळकीनेही पानं एकमेकांवर आपटून सळसळतात. मे महिन्यात दिवसभर ४५ डिग्रीत भाजून निघाल्यावर रात्री तो आवाज ऐकत गच्चीवर पडणं यासारखं सुख नाही.

कोपऱ्यातली 'बाळंतिणीची खोली' भाड्याने मिळेल का? आम्हाला तीच हवीय.

नाही मिळणार. यावर खूप जण नाराज होतात, दुप्पट भाडं देतो म्हणतात, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

माजघराच्या मागे एक लहान खोली आहे. जुन्या वाड्यांत अशी खोली असायचीच, अंधारी, खिडकी नाही, असलीच तर वर एक झरोका, आणि त्यातही वारं लागू नये म्हणून बोळा कोंबलेला. बाळंतीण दहा दिवस त्याच खोलीत, खाटेखाली शेकशेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, आणि सुईण येणार ती दहा घरची कामं आटपून त्याच हाताने. या खोलीत आमच्या घरातली एक सून बाळंतपणात गेली. तिच्यानंतर त्या खोलीत रात्री कुणीतरी कण्हतं, बांगड्या वाजतात, अशी गोष्ट सुरू झाली आणि चार पिढ्या चालली.

आपल्याकडे बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते म्हणायचे. तिची पावलं उलटी, केस मोकळे, ती परत घरात येऊ पाहते, वगैरे. म्हणून मसणातून परत येताना वाटेवर राळे नाहीतर मोहरी टाकत यायचे, म्हणजे ती दाणे वेचत बसेल आणि तोवर उजाडेल, आणि उंबऱ्यात खिळा ठोकायचे. आमच्या त्या खोलीच्या उंबऱ्यात तो खिळा अजून आहे. लोहाराने हाताने घडवलेला, चौकोनी डोक्याचा, जवळजवळ अंगठ्याएवढा जाड, आणि इतक्या वर्षांच्या पावलांनी त्याचं डोकं घासून गुळगुळीत झालंय, लाकूड झिजलं पण खिळा थोडा वर राहिला त्यामुळे अनवाणी गेलं की तळव्याला लागतो.

मला तो खिळा पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी स्वतः दिवस गेलेली होते. तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. अहो, ती सोळा-सतरा वर्षांची मुलगी, माहेरापासून शेकडो कोस दूर, या अंधाऱ्या खोलीत तापाने फणफणून गेली, आणि ज्या घरासाठी ती गेली त्या घराने तिच्यासाठी काय केलं तर ती परत येऊ नये म्हणून खिळा ठोकला. व्हिएन्नाला सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ मध्येच दाखवून दिलं होतं की तपासणाऱ्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुतले की बाळंतपणातले मृत्यू धडाधड कमी होतात, पण ते ज्ञान त्यांच्या स्वतःच्या डॉक्टर मंडळींनाच पटायला कितीतरी वर्षं लागली, आमच्या सुइणीपर्यंत यायला तर आणखी किती. म्हणजे दोष त्या सुइणीचा पण नाही. पण भीती मात्र सगळी त्या मुलीच्या वाट्याला आली.

घराण्याच्या वंशावळीत तिच्या नवऱ्याचं नाव आहे, त्याच्या दुसऱ्या बायकोच्या मुलांची नावं आहेत, तिच्या जागी फक्त 'प्रथम पत्नी' एवढंच लिहिलंय. सासूबाईंनी आणि मी मिळून त्या खोलीला खिडकी पाडून घेतली, पूर्वेची. आता तिथे घरातली जुनी पुस्तकं, पोथ्या आणि एक आरामखुर्ची आहे. दिवसा कुणीही जाऊन वाचत बसा, खिळा पण बघा, गोष्ट ऐकायची असेल तर मी बसून सांगते. पण रात्री तिथे झोपून 'अनुभव' घ्यायला खोली देणार नाही, कितीही पैसे दिले तरी.

मग तुम्ही शांत वगैरे काही केलीत का? मांत्रिक बोलावला होता का?

मांत्रिक नाही, कधीच नाही, आणि इथे येऊन कुणी आपला माणूस आणून काही 'बांधून' देतो म्हटलं तरी आम्ही हात जोडतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी किती वर्षं घातली आणि त्यांच्या खुनानंतरच तो एकदाचा आला, पण तो कायदा इथे मध्य प्रदेशात लागू नाही, त्यामुळे आपली अक्कल आपणच वापरायची.

घरात जे करतो ते साधं आहे. पितृपक्षात बाळंतपणात गेलेल्या त्या मुलीसाठी अविधवा नवमीला, म्हणजे भाद्रपद वद्य नवमीला, एक सवाष्ण जेवायला बोलावतो. ज्या बायका नवरा हयात असताना गेल्या त्यांच्यासाठी ती तिथी असते. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांना चतुर्दशी, आणि ज्यांची तिथीच कुणाला ठाऊक नाही त्यांना सर्वपित्री अमावस्या. आपल्या जुन्या लोकांनी विसरलेल्यांसाठी पण एक दिवस राखून ठेवला ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्यांना यातलं काही पटत नाही त्यांनी नका करू, आमचे मामंजी पण करत नव्हते, पण त्या दिवशी खीर-वडे मात्र आवडीने खायचे.

विहिरीला लोखंडी जाळी का मारलीय? तिथे आसरा आहेत म्हणे.

हो, विहिरीजवळच्या कोनाड्यात सात आसरा मांडलेल्या आहेत, सात लहान दगड, हळद-कुंकू लावलेले. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता, त्या माणसाला खाली ओढून नेतात असं सांगतात. आमच्या विहिरीची गोष्ट अशी की गाळ काढायला एक जण उतरला तो वर आला नाही, त्याला काढायला दुसरा उतरला तो पण नाही.

ही गोष्ट खरीखुरी घडण्यासारखी आहे आणि आजही दर उन्हाळ्यात पेपरमध्ये कुठल्या ना कुठल्या गावची अशी बातमी येते. वापरात नसलेल्या खोल विहिरीत तळाशी कुजका पाला आणि गाळ असतो, त्यातून वायू सुटतात, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो तो खालीच साठतो, आणि प्राणवायू इतका कमी होतो की माणूस दोन-चार श्वासात बेशुद्ध पडतो, ओरडायला पण वेळ मिळत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं खालून कुणी ओढलं. आणि मग धावत दुसरा उतरतो, नेहमी दुसरा उतरतोच, कारण खाली त्याचा भाऊ नाहीतर बाप असतो. जुने लोक कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाही, ते चांगलंच होतं पण पुरेसं नाही, काही विषारी वायूंत दिवा जळत राहतो. म्हणून जाळी. मुलांना घेऊन येणाऱ्यांनी कृपया जाळीवर उभं राहू देऊ नका, आणि कोनाड्यातले दगड हलवू नका, ते त्या दोघांच्या नावाने पण आहेत असं मी मानते.

रात्री कुणीतरी घोरल्यासारखा, फुत्कारल्यासारखा आवाज येतो तो कसला?

गव्हाणी घुबडाच्या पिल्लांचा. दिंडी दरवाजाच्या वर नगारखान्यासारखी एक पडकी खोली आहे तिथे जोडी राहते. पांढरं, बदामाच्या आकाराचं तोंड, काळे डोळे, उडताना पंखांचा जराही आवाज नाही, आणि ओरडणं म्हणजे कापड फाडल्यासारखी किंचाळी. पिल्लं भुकेली झाली की सगळी मिळून फुस्स फुस्स असा लांब श्वास टाकत राहतात, पहाटेपर्यंत. खाली झोपलेल्या माणसाला नक्की वाटणार की भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास घेतंय. एकदा एक काकू नातवंडांसह उतरल्या होत्या, रात्रभर रामरक्षा म्हणत बसल्या, सकाळी दादांनी त्यांना शिडीवरून लांबूनच पिल्लं दाखवली, अगदी कापसाच्या पेळूसारखी, तर त्या दुसऱ्या रात्री मुद्दाम अंगणात खुर्ची टाकून बसल्या ऐकत.

एक कळकळीची विनंती. घुबडं कुठे आहेत ते बाहेर कुणाला सांगू नका, फोटो टाकलात तर जागा लिहू नका. दिवाळीच्या आधी जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकतात, त्यांचा बळी देतात, हे आपल्या देशात अजून चालतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि लक्ष्मीपूजनालाच त्याला मारायचं, याहून भयानक भुताटकी दुसरी कुठली ते मला तरी माहीत नाही.

छतावरून पावलं वाजतात, आणि मधेच काहीतरी टक्कन तुटल्यासारखं होतं.

इकडच्या जुन्या घरांची छतं दगडी पटियांची असतात, सागवानी तुळयांवर टाकलेल्या. दिवसा तापतात, रात्री निवतात, आणि निवताना दगड आणि लाकूड वेगवेगळ्या वेगाने आकसतं, तेव्हा तो टक् आवाज होतो, सूर्य मावळल्यावर दोन-तीन तास तर सारखाच. पावलं मात्र खरी पावलं असतात, उदमांजराची. इकडचे लोक त्याला कबरबिज्जू म्हणतात आणि फार घाबरतात, थडगी उकरून प्रेतं खातो म्हणतात. बिचारं फळं खातं, उंदीर खातं, आमच्या पपया खातं. जड आहे, म्हणून चालताना माणसासारखं वाजतं.

झोपेत छातीवर कुणीतरी बसलं होतं, हलताच येईना, ओरडताही येईना. हे काय होतं?

हे ऐकल्यावर मी हसत नाही, कारण ज्याला होतं त्याची खरंच तंतरलेली असते. याला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात. आपण स्वप्न बघतो तेव्हा शरीर स्नायू ढिले करून ठेवतं, नाहीतर आपण स्वप्नात धावलो की पलंगावरून पडू. कधीकधी मेंदू आधी जागा होतो आणि अंग मागे राहतं, मग डोळे उघडे, खोली दिसतेय, पण बोटसुद्धा हलत नाही, आणि अर्धवट स्वप्न चालूच असल्यामुळे कोपऱ्यात कुणी उभं दिसतं, छातीवर ओझं वाटतं. शंभरात सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी होतंच. झोप अपुरी असली, वेळा बिघडल्या, उताणं झोपलं की जास्त होतं, आणि आमचे पाहुणे बघा, रात्री दोनच्या नाहीतर तीनच्या गाडीने उतरायचं, दमून उताणं पडायचं. एखाद-दोन मिनिटांत सुटतं. त्या वेळी श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि फक्त एक बोट हलवायचा प्रयत्न करायचा. वारंवार होत असेल, दिवसा पण एकदम झोप येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि एकटं झोपायचं नसेल तर सांगा, आमच्या आत्याबाई माजघरात झोपतात, त्यांच्या शेजारी गादी घालून देऊ, याचे पैसे लागत नाहीत.

थंडीत खोलीत सिगडी का देत नाही? जानेवारीत तर दात वाजतात.

लोकांना वाटतं हा प्रश्न या यादीत चुकून आलाय, पण इथेच त्याची जागा आहे. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा ४-५ डिग्रीपर्यंत उतरतो, धुकं तर असं की समोरची भिंत दिसत नाही. अशा वेळी बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो, कानात आवाज येतात, नको नको ते दिसतं, आणि शेवटी माणूस झोपेतच जातो. १९२१ मध्ये विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रवैद्याने एका कुटुंबाची हकीकत छापली होती, घरात राहायला आल्यापासून त्यांना पावलं ऐकू यायची, माणसं दिसायची, मुलं फिकट पडत चालली, कुंड्यातली झाडं सुकली, आणि कारण निघालं तळघरातली बिघडलेली भट्टी, तिचा धूर खोल्यांमध्ये येत होता. भट्टी दुरुस्त केल्यावर सगळं बंद.

आमच्या वाड्यातल्या थंडीतल्या भुतांच्या जितक्या गोष्टी मी ऐकल्यात, त्या बहुतेक बंद दार आणि सिगडीवाल्या खोल्यांतल्या आहेत. बाळंतिणीच्या खोलीत बायकांना जे दिसायचं त्यातलं पण किती त्या शेकशेगडीचं असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. म्हणून खोलीत विजेचा हीटर, दोन रजया, गरम पाण्याची पिशवी. सिगडी अंगणात पेटते, तिथे सगळे बसा, गजक खा, शेंगा भाजा.

तळघरात धन पुरलंय आणि त्यावर समंध बसलाय, खरंय का?

समंध म्हणजे ज्याचा जीव कशात तरी अडकला, बहुतेकदा पुरून ठेवलेल्या पैशात. ग्वाल्हेरात ही गोष्ट प्रत्येक वाड्याबद्दल सांगतात आणि त्याला कारण आहे, शिंद्यांचा खजिनाच, गंगाजळी, किल्ल्याच्या तळघरात लपवलेला होता. १८५८ नंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला तो १८८६ पर्यंत राहिला. त्याच वर्षी जयाजीराव महाराज गेले, माधवराव तर तेव्हा नऊ वर्षांचे, आणि खजिन्याचा ठावठिकाणा मुलाच्या कानावर घालायचा राहूनच गेला असं सांगतात. राजाच्या घरी असं झालं तर सरदार-मानकऱ्यांच्या वाड्यात काय काय पुरलं असेल, असं लोकांच्या मनात येणारच.

आमच्या तळघरात काय निघालं ते सांगते: फुटके रांजण, एक मोडका मेणा आणि वाळवी. कृपा करून कुदळ घेऊन येऊ नका, जुन्या चुन्याच्या भिंतीला पायात धक्का लागला की वरचा मजला खाली येतो. आणि कायद्याने सुद्धा, १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

राणी लक्ष्मीबाईंच्या घोड्याच्या टापा ऐकू येतात का?

इथे तरी मी ऐकल्या नाहीत, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आधी फूलबागेत जाऊन यायला सांगते. जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरला लढता लढता पडल्या, तिथे त्यांची समाधी आहे, आणि जवळच गंगादासांची बडी शाळा, जिथल्या साधूंनी त्यांचा देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून लढून प्राण दिले, ७४५ साधू गेले असं तिथे सांगतात. १७-१८ जूनला मेळा भरतो. लष्करातल्या मराठी घरांना ही आठवण सोपी नाही, कारण त्याच दिवसांत जयाजीराव इंग्रजांच्या बाजूला, आग्र्याला गेलेले होते, आणि आमच्याच घरातले एक जण महाराजांबरोबर तर एक जण तात्या टोप्यांकडे होते म्हणतात. आजेसासूबाई राणीचं नाव घेताना पदर सावरायच्या, बाकी काही बोलायच्या नाहीत. टापांपेक्षा हे गप्प राहणं मला जास्त बोलकं वाटतं.

मेलेल्यांची अशी काळजी इकडे आणखी कुठे बघायला मिळेल?

शिवपुरीला जा, इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत. माधवराव महाराज १९२५ ला पॅरिसमध्ये गेले, त्यांची आणि त्यांच्या आई सख्याराजे यांची अशा दोन छत्र्या, म्हणजे समाधीच्या इमारती, समोरासमोर आहेत, मधे तलाव, म्हणजे आई आणि मुलगा एकमेकांकडे बघताहेत. आतल्या मूर्तींना ऋतूप्रमाणे कपडे घालतात, नैवेद्य दाखवतात, संध्याकाळी गाणं होतं. एकीकडे मेलेल्या राजमातेला थंडीत शाल, आणि दुसरीकडे आमच्या घरातल्या त्या मुलीला खिळा. दोन्ही आपणच केलंय.

आम्ही चॅनेलसाठी शूट करतो, रात्री कॅमेरे लावू का? भुतं शोधायचं मीटर घेऊन येऊ?

नको. दिवसा वाड्याचं, लाकडी खांबांचं, चौकाचं, महिरपींचं शूटिंग करायला आमची ना नाही, आधी फोन करा. रात्री शूट नाही. एका टीमला पूर्वी परवानगी दिली होती, त्यांनी बांगड्यांचा आवाज स्वतः वाजवून टाकला आणि त्या मुलीला एक बनावट नाव देऊन, तिला सासूने जाळलं अशी गोष्ट लावून दिली. आमच्याकडे तिचं खरं नाव नाही म्हणून कुणीही कुठलंही चिकटवावं हे चालणार नाही. त्या मीटरबद्दल म्हणाल तर जुन्या वायरिंगजवळ, इन्व्हर्टरजवळ, मोबाईलजवळ पण तो काटा हलतो.

लहान मुलं घाबरतील का? त्यांना काय सांगायचं?

मुलं मोठ्यांचं तोंड बघून घाबरतात. आमच्या ओसरीवर संध्याकाळी दिवेलागणीनंतर परवचा-शुभंकरोती झालं की गोष्टी होतात, त्यात वेताळाची पालखी पण असते, चकवा पण असतो, आणि मुलं मजेत ऐकतात. एवढंच पाळा की 'झोप नाहीतर मुंजा येईल' असं म्हणू नका. मुंजा त्यांच्याच वयाचा मुलगा होता, तो कुणाला घ्यायला येत नाही, असं सांगा. सकाळी बरीच मुलं आपल्या खाऊतलं बिस्किट त्या दगडापाशी ठेवून येतात, मग खारी येऊन खातात.

अमावस्येला बुकिंग मिळतं का?

मिळतं, भाडं तेच. पितृपक्षात अविधवा नवमीला आणि सर्वपित्रीला मात्र स्वयंपाकघर दुपारपर्यंत आमचंच असतं, नाश्ता उशिरा मिळेल.

आमच्या पणजोबांचं घर पण लष्करातच होतं, त्यांच्या वाड्याची एक गोष्ट आम्हाला माहीत आहे. तुम्हाला चालेल का ऐकायला?

चालेल का काय विचारता, मी तर वाटच बघत असते. जनकगंज, कंपू, दौलतगंज, छत्री बाजार, शिंद्यांची छावणी, कुठलीही असो. किती मराठी घरं पुण्या-मुंबईला गेली, वाडे पडले, त्या जागी दुकानांचे गाळे झाले, आणि वाड्याबरोबर त्या गोष्टीही गेल्या, गोष्टींबरोबर माणसंही. आल्यावर ओसरीवरच्या जाड वहीत लिहा, नाहीतर सांगा, मी लिहून घेते. गोष्ट कुणी सांगितली, कुठल्या गल्लीतली, साधारण कधीची, आणि तो किंवा ती आधी कोण होती, घरात कुणाची कोण लागत होती, हे जेवढं आठवेल तेवढं सांगा. नाव माहीत असेल तर नाव आधी.